दगडांच्या वाफ्यात कोरफड



कोरफड लावायला सोपी, असं सगळ्याच म्हणतात. तरी आपल्या कोपरगाव भागात पावसाळा सरता सरता कितीतरी दारांतली कोरफड बुडाशी पिवळी पडून मऊ होते आणि कोलमडते. मग आपण म्हणतो, पाणी कमी पडलं असेल, आणि अजून एक तांब्या ओततो. खरं तर ती पाण्यानंच सडलेली असते.

कोरफड मूळची अरबस्तानातल्या कोरड्या, खडकाळ जमिनीची. ती पाणी पानात साठवते. पानांवरची बारीक छिद्रं दिवसा मिटून घेते आणि रात्री उघडते, म्हणून उन्हात पाणी कमी उडतं. अशा झाडाच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. आपली गोदाकाठची काळी माती उसाला, गव्हाला चांगली. पण ती ओली झाली की फुगते, चिकट होते आणि दिवसेंदिवस ओल धरून ठेवते. त्यात कोरफडीची मुळं गुदमरतात.

यावर उपाय म्हणजे दगडांचा उंच वाफा. हिमालयात आणि युरोपातल्या उंच डोंगरांवर काही चिवट झाडं दगडांच्या फटीत वर्षानुवर्षं जगतात. ती झाडं बागेत लावायची तर तिथले लोक दगड-खडी रचून वाफा करतात, म्हणजे पाणी थांबत नाही. ती झाडं आपल्या उन्हाळ्यात टिकणार नाहीत, पण ती रीत आपल्या कामाची आहे.

आधी जमीन तपासा. वीतभर खोल खड्डा घेऊन पाण्यानं भरा. दोन तासांनीही पाणी तसंच दिसलं, तर तिथे वाफा हवाच.

वाफा असा करा
- भरपूर ऊन येईल आणि न्हाणीचं पाणी येणार नाही अशी जागा घ्या.
- खड्डा करू नका. जमिनीवरच कडेनं दगड रचा, उंची वीतभर तरी ठेवा. दगडांच्या फटी सिमेंटनं बुजवू नका.
- तळाला चार बोटं विटांचे तुकडे किंवा दगड घाला.
- वर दोन घमेली मुरूम, एक घमेलं माती, अर्धं घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत, या मापानं मिसळून भरा. वाळूसाठी नदीत जाऊ नका. परवान्याशिवाय वाळू काढणं गुन्हा आहे.
- दसऱ्याच्या आसपास, पाऊस ओसरला की लागवड करा. आईच्या झाडापासून वीतभर उंचीचं पिल्लू मुळांसकट काढा, दोन दिवस सावलीत सुकू द्या, मग लावा. दोन पिल्लांत दीड-दोन फूट अंतर ठेवा.
- बुडाभोवती बारीक खडी पसरा, म्हणजे बूड कोरडं राहतं.

पाणी किती? बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तरच पाणी द्या. पावसाळ्यात वरून देऊच नका. पानं पातळ होऊन आत वळली तर झाडाला तहान लागली आहे. बूड मऊ पडून वास येत असेल तर सड आहे: झाड उपटा, सडकी मुळं कापा, तीन-चार दिवस सावलीत सुकवून कोरड्या जागी लावा. कडक उन्हात पानं तांबूस होतात, तो रोग नव्हे.

वापरताना जपा. पान कापलं की अर्धा तास उभं ठेवा. पिवळा चीक निथळला की धुऊन घ्या. तो चीक पोटात गेला तर जुलाब होतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी कोरफड खाऊ नये.

गटाच्या पैशाचं बोलू. 'एकरभर कोरफड लावा, रोपं आमच्याकडून घ्या, पानं आम्हीच उचलू' असं कुणी सांगत आलं, तर बचतीला हात लावण्याआधी चार गोष्टी विचारा. भाव लेखी देणार का? वाहतूक कुणाच्या खर्चानं? पैसे किती दिवसांत? आधी कोणत्या गावातून माल उचलला? त्या गावच्या बायांशी स्वतः बोला. पान वजनाला जड असतं आणि कापल्यावर फार दिवस टिकत नाही. घेणारा आला नाही तर माल बांधावर पडतो. साबण, जेल करून विकायचं असेल तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, हेही आधीच धरा.

म्हणून सुरुवात दहा पिल्लांनी करा. ती जगली, त्यांना पिल्लं आली, की डब्यांत लावून बाजाराच्या दिवशी विकून बघा. मागणी दिसली तर पुढचं ग्रामसंघाच्या बैठकीत ठरवू. ज्यांच्या दारात जुनं झाड आहे त्यांनी पुढच्या बैठकीला एकेक पिल्लू आणा. विकत घ्यायची गरजच पडणार नाही.