बॅटरीवरील फवारणी पंप व बिनतारी हत्यारे : बदली बॅटरीची निवड

पनवेल तालुक्यात भात व आंबा घेणाऱ्या पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरी आता हातपंपाच्या जोडीस बॅटरीवर चालणारा पाठीवरचा फवारणी पंप असतो. छाटणीसाठी बिनतारी करवत अगर कात्री बाळगणारे बागायतदारही आढळतात. ही साधने काही हंगाम उत्तम चालतात आणि मग एके दिवशी टाकी अर्धी असतानाच पंपाचा जोर ओसरतो. मोहोरावर तुडतुडे आलेले असताना असा खोळंबा महाग पडतो. घाईघाईने बाजारात मिळेल ती बॅटरी आणली जाते, किंवा चांगला पंप मोडीत निघतो. थोडी माहिती असल्यास दोन्ही गोष्टी टाळता येतात.

जोर कमी झाल्याने केवळ वेळ जातो असे नव्हे. दाब घटला की तुषार जाड होतात व नोझलमधून दर मिनिटास पडणारे द्रावणही कमी होते. फवारणाऱ्याची चाल मात्र तीच राहते. परिणामी पहिल्या खाचरास औषध पुरेसे मिळते, शेवटच्यास ते अपुरे पडते, आणि कीड तेथेच टिकून राहते. दोष मग औषधाच्या माथी मारला जातो.

तथापि, प्रत्येक वेळी दोष बॅटरीचाच असतो असेही नाही. प्रथम गाळणी व नोझल धुऊन पाहावे, फ्यूज व तारांचे सांधे तपासावेत. खाडीलगतच्या गावांत खाऱ्या दमट हवेने बॅटरीच्या पत्र्यांवर हिरवट-पांढरा थर चढतो व वीज अडते. खारे पाणी सोसणाऱ्या भाताच्या जाती पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने आपणांस दिल्या आहेत. बॅटरीच्या टोकांना मात्र व्हॅसलीनचा पातळ हात हाच उपाय. यानंतरही पंप दमत असेल तर बॅटरी पूर्ण भारित करून चार-पाच तास तशीच ठेवावी व मल्टिमीटरने मोजावी. शिसे-आम्लाची १२ व्होल्टची निकोप बॅटरी १२.७ च्या आसपास दाखविते. आकडा साडेदहाच्या जवळ असेल तर तिच्या सहा घटांपैकी एक निकामी झाला असे समजावे. विश्रांतीत आकडा ठीक, पण पंप सुरू करताच तो झपाट्याने ११ कडे घसरतो, अशी बॅटरीही बदलावयास झाली.

बॅटरीच्या खोक्यावर दोन आकडे मुख्य असतात. व्होल्ट हा विजेचा दाब होय, आणि अँपिअर-तास (ए. एच.) ही तिची साठवण होय. व्होल्ट मूळ बॅटरीइतकेच असले पाहिजेत. १२ व्होल्टच्या पंपास १८ अगर २४ व्होल्ट जोडल्यास मोटार जळते. साठवण मात्र अधिक असली तरी मोटारीस अपाय होत नाही. फक्त वजन, किंमत व भारित होण्याचा वेळ वाढतो.

साठवण किती असावी याचा हिशोब सोपा आहे. भातास हेक्टरी ५०० लिटर द्रावण धरल्यास एकरी २०० लिटर, म्हणजे १६ लिटरच्या साडेबारा टाक्या होतात. पंप मिनिटास दोन लिटर फेकतो व तीन अँपिअर वीज ओढतो असे धरू. २०० लिटरना १०० मिनिटे लागतील व ५ अँपिअर-तास खर्ची पडतील. कागदोपत्री ८ अँपिअर-तासांची बॅटरी यास भरपूर वाटते. परंतु शिसे-आम्ल बॅटरीचा हा आकडा वीस तासांत सावकाश वीज काढून ठरविलेला असतो. पंपासारखी भराभर वीज ओढल्यास त्यातील सुमारे तीन-चतुर्थांशच हाती येते. म्हणजे नव्या बॅटरीवर एक एकर व वर थोडेसे, इतकीच मजल. ज्यांना एका भारणात दोन एकर उरकावयाचे असतील त्यांनी १२ अँपिअर-तासांचाही मोह न धरता दुसरी बॅटरी जवळ ठेवणे बरे. नव्या बॅटरीवर किती टाक्या निघतात ते खडूने पंपाच्या पेटीच्या दारावर लिहून ठेवावे. तो आकडा निम्म्यावर आला की पुढील हंगामाची वाट पाहू नये.

शिसे-आम्लाची बंद बॅटरी स्वस्त, परंतु वजनाने सव्वादोन-अडीच किलो भरते. याच मापाची बॅटरी संगणकाच्या यूपीएसमध्येही असते व दुकानदार तीच पुढे करतो. ती बसते, चालतेही. पण बऱ्याचशा यूपीएस बॅटऱ्या क्वचित लागणाऱ्या कामासाठी बनविलेल्या असतात. रोज रिकामी होऊन रोज भरण्याच्या कामास योग्य अशी सूचना खोक्यावर आहे काय, हे पाहावे. निर्मितीची तारीख सहा महिन्यांपेक्षा जुनी नसावी, आणि दुकानातच मोजून १२.४ व्होल्टपेक्षा कमी भरल्यास ती घेऊ नये. टोकांच्या पत्रीची रुंदी जुन्या बॅटरीशी जुळवून घ्यावी, कारण ढिला सांधा तापतो.

लिथियमची बॅटरी याच साठवणीस निम्म्याहून कमी वजनाची असते व दिवसभर पाठीवर वागविणाऱ्यास हा लाभ मोठा आहे. परंतु येथेच सर्वांत घातक चूक होते. ‘१२ व्होल्ट’ या एकाच नावाखाली दोन निराळ्या बॅटऱ्या विकल्या जातात. साध्या लिथियम-आयनचे तीन सेल जोडलेली बॅटरी १२.६ व्होल्टला पूर्ण भरते. लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार सेल जोडलेली १४.६ ला. पंपासोबत आलेला शिसे-आम्लाचा चार्जर साधारणतः १४.४ पर्यंत चढतो. तो पहिल्या प्रकारास लावल्यास सेल मर्यादेबाहेर भरले जातात. आतील संरक्षक पाटी शाबूत असेल तर ती वीज तोडते. ती निकृष्ट असेल तर आगीचा धोका आहे. उलट, १२.६ चा चार्जर शिसे-आम्लास लावल्यास बॅटरी सदा अर्धपोटी राहून लवकर मरते. म्हणून प्रकार बदलावयाचा तर बॅटरी व चार्जर एकदमच घ्यावे. माझ्या मते पंपासाठी लिथियम आयर्न फॉस्फेट श्रेयस्कर : ती अधिक वर्षे टिकते, उष्णता अधिक सोसते व अखेरपर्यंत दाब जवळजवळ एकसारखा देते. सेलांवर भारतीय मानक आय. एस. १६०४६ ची नोंदणी-खूण असावी.

बिनतारी करवत, कात्री व ड्रिल यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. १९६१ साली अमेरिकेत बिनतारी ड्रिल बाजारात आले ते निकेल-कॅडमियमवर. आजची हत्यारे बहुतेक लिथियमवर चालतात. कोणी १८ व्होल्ट लिहितो, कोणी २०, वस्तू एकच. पाच सेलांचे मध्यम मान १८ व पूर्ण भरल्यावर २१ व्होल्ट होते. तरीही खाचा व जोडण्या प्रत्येक कंपनीच्या निराळ्या असतात. करवत लाकडात अडली की वीस-तीस अँपिअर वीज ओढते. दिव्यासाठी बांधलेले सेल त्यास पुरत नाहीत. साठवणीचे खोटे आकडे ओळखण्यास तराजू पुरेसा आहे. १८६५० या मापाच्या उत्तम सेलात सुमारे साडेतीन अँपिअर-तास मावतात व त्याचे वजन ४५ ते ५० ग्रॅम असते. १८ व्होल्ट व ६ अँपिअर-तास हवे असतील तर असे दहा सेल, म्हणजे नुसते सेलच साडेचारशे ग्रॅमच्या वर हवेत. पेटीसह तीनशे ग्रॅम भरणारी बॅटरी ६ ची असणे शक्य नाही.

कोकणात बॅटरी कामापेक्षा विश्रांतीत अधिक मरते. मोहोराची फवारणी आटोपल्यापासून भातावर फवारण्याची वेळ येईपर्यंत पंप चार-पाच महिने पडवीत पडून राहतो. रिकाम्या शिसे-आम्ल बॅटरीच्या पत्र्यांवर या काळात शिसे-सल्फेटचे स्फटिक घट्ट बसतात व ते पुन्हा विरघळत नाहीत. म्हणून ती पूर्ण भरून ठेवावी व दर महिन्या-दीड महिन्याने पुन्हा भरावी. लिथियम मात्र निम्मी भरून थंड जागी ठेवावी. कोणतीही बॅटरी पेंढ्याजवळ, औषधांच्या खोलीत अगर रात्रभर कोणी जागे नसताना भारित करू नये, आणि फुगलेली लिथियम बॅटरी पुन्हा चार्जरला लावूच नये.

जुनी बॅटरी उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकू नये. शिसे विषारी आहे व लिथियम चेपल्यास पेटते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. शिसे-आम्लाच्या जुन्या बॅटरीस मोडीचा भावही येतो. नवी घेताना जुनी विक्रेत्याकडे देऊन तो किमतीतून वजा करून घ्यावा.