नव्या कार्डाचा पायगुण

नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं, गेम सुरू केला आणि थोड्याच वेळात स्क्रीन काळी. किंवा कॉम्प्युटर आपला आपण रीस्टार्ट. असं झालं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "कालपर्यंत तर व्यवस्थित चालत होता!" घरात नवी सून आली आणि त्याच आठवड्यात म्हैस आटली, तर खापर सुनेच्या पायगुणावर फोडायची आपली जुनी खोड. कार्डाच्या नशिबी तेच येतं. सगळ्यात शेवटी आलं ते कार्ड, म्हणून गुन्हेगारही तेच.

कार्ड सदोष निघतच नाही, असं नाही. २०२१च्या जुलैमध्ये 'न्यू वर्ल्ड' या गेमच्या बीटा चाचणीत ईव्हीजीए कंपनीची काही आरटीएक्स ३०९० कार्डं जळाली आणि थोड्या कार्डांच्या सोल्डरिंगमध्ये दोष असल्याचं कंपनीनं नंतर मान्य केलं. पण ती कार्डं मेली, पुन्हा सुरूच झाली नाहीत. आपण बोलतोय ते वेगळ्या दुखण्याबद्दल: डेस्कटॉपवर सगळं ठीक, गेम लावला की कोसळतो, पुन्हा चालू केला की पुन्हा ठीक. अशा वेळी नव्या कार्डानं बऱ्याचदा एवढंच केलेलं असतं, की आधीपासून कच्च्या असलेल्या एखाद्या भागाकडून पहिल्यांदाच पुरेपूर काम मागितलेलं असतं.

"एसएमपीएस ४५० वॅटचा आहे, भरपूर झाला"

सगळ्यात मोठा घोळ इथे आहे, म्हणून जरा थांबून बघू. लॅमिंग्टन रोडवर काय किंवा तालुक्याच्या गावातल्या दुकानात काय, कॅबिनेटबरोबर फुकटात येणाऱ्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात '४५०' छापलेलं असतं. तो आकडा विसरा. कॅबिनेटची बाजूची पट्टी उघडा, एसएमपीएसवरचा स्टिकर शोधा आणि त्यावरच्या तक्त्यात '+१२ व्ही'चा रकाना वाचा. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोघंही मुख्यतः १२ व्होल्टवर जगतात, बाकी ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांतले वॅट त्यांच्या फारसे उपयोगाचे नाहीत. समजा तिथे २० अँपिअर लिहिलं आहे. २० गुणिले १२ म्हणजे २४० वॅट. आता हिशेब मांडा: आरटीएक्स ३०६०ला १७० वॅट, कोअर आय५-१२४०० पूर्ण जोरात चालला तर ११७ वॅट. बेरीज २८७. पंखे, एसएसडी, मदरबोर्ड अजून धरलेलेच नाहीत. काही स्टिकरवर १२ व्होल्टचे दोन रकाने असतात. त्यांची नुसती बेरीज करू नका, खाली दोघांची मिळून मर्यादा दिलेली असते, ती खरी.

हेही अर्धंच झालं. कार्डाच्या खोक्यावरचा आकडा सरासरीचा असतो. गेममध्ये एखादं दृश्य बदलतं तेव्हा कार्ड सेकंदाच्या अगदी छोट्या अंशापुरती त्याहून कितीतरी जास्त वीज ओढतं. २०२०मध्ये आरटीएक्स ३०८० आणि ३०९० आली तेव्हा चांगल्या कंपन्यांचे, कागदावर पुरेसे वाटणारे एसएमपीएससुद्धा या झटक्यांनी बंद पडत होते. तो बिघाड नव्हता. एसएमपीएसमधलं संरक्षण आपलं काम करत होतं. पुढे २०२२मध्ये इंटेलनं एटीएक्स ३.० हे मानक आणलं. त्यात कार्डासाठी नवी बारा व्होल्टची जोडणी देणाऱ्या मोठ्या एसएमपीएसनं १०० मायक्रोसेकंदांपुरता आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार सोसलाच पाहिजे, अशी अट आली. म्हणजे पाच-सात वर्षांपूर्वीचा ६५० वॅटचा आणि आजचा ६५० वॅटचा या दोघांना एका तागडीत तोलता येत नाही.

आणि '८० प्लस गोल्ड'? त्याचा अर्थ एवढाच, की भिंतीतून घेतलेल्या विजेतली फार थोडी उष्णतेत वाया जाते. झटके सोसण्याची हमी त्यात नाही. चांगले एसएमपीएस बहुधा गोल्ड असतात, हे खरं. प्रत्येक गोल्ड चांगला असतो, हे नाही.

"पिन बसली म्हणजे झालं"

मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५, आठ पिनांच्या जोडणीतून १५०. ही मर्यादा गमतीची नाही. २०१६च्या जूनमध्ये एएमडीचं आरएक्स ४८० आलं तेव्हा ते स्लॉटमधूनच ७५ वॅटच्या वर वीज ओढतंय, हे परीक्षकांनी मोजून दाखवलं आणि एएमडीला पुढच्याच महिन्यात ड्रायव्हर बदलून ती वाटणी सुधारावी लागली.

आपल्याकडे जुन्या एसएमपीएसला आठ पिनांची वायर नसली की दुकानदार सर्रास 'कन्व्हर्टर' देतो. त्यातला साटा वायरीवरून सहा पिन करणारा प्रकार सरळ परत करा. साटाच्या तोंडातल्या १२ व्होल्टच्या तीन पिना प्रत्येकी दीड अँपिअरच्या, म्हणजे एकूण ५४ वॅट. त्यातून ७५ मागायचे म्हणजे प्लास्टिक वितळवायची तयारी. कार्डाला आठ पिनांची दोन तोंडं असतील तर एसएमपीएसमधून दोन वेगळ्या वायरी काढा. एकाच वायरीला पुढे फुटलेली दोन तोंडं हलक्या कार्डाला चालून जातात, तीनशे वॅटच्या कार्डाला नको. आणि मॉड्युलर एसएमपीएस बदलताना जुन्या वायरी तशाच ठेवण्याचा मोह टाळा. कार्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असलं तरी एसएमपीएसकडच्या टोकाची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते. चुकीची वायर बसतेही छान, आणि हार्डडिस्कसकट सगळं जाळतेही छान.

२०२२च्या ऑक्टोबरमध्ये आरटीएक्स ४०९० आल्यावर सोळा पिनांची नवी जोडणी वितळल्याची छायाचित्रं जगभर फिरली. प्लग पूर्ण आत न बसणं हे एक मुख्य कारण असल्याचं एनव्हिडियानं पुढच्या महिन्यात सांगितलं. सुधारित जोडणीत म्हणूनच खुणेच्या पिना आखूड केल्या, म्हणजे प्लग अर्धवट असेल तर कार्डानं वीज ओढूच नये. तुमचं कार्ड कितीही साधं असो, स्क्रीन अचानक काळी होऊन कार्डाचे पंखे भणाणायला लागले तर आधी ही जोडणी काढून पुन्हा खटकन आवाज येईपर्यंत बसवा.

"यूपीएस आहे, विजेचा प्रश्नच येत नाही"

घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस. व्हीए म्हणजे वॅट नव्हे. अशा यूपीएसची खरी क्षमता बहुधा ३६० वॅट असते. जुन्या कॉम्प्युटरला आणि मॉनिटरला ती पुरत होती. नवं कार्ड आल्यावर गेम चालू असताना लाइट गेली, की यूपीएस भार न पेलून हात वर करतो आणि सगळंच एकदम बंद. स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात. काही चांगल्या एसएमपीएसना तीही मानवत नाही. पारख सोपी आहे: कॉम्प्युटर थोडा वेळ यूपीएस वगळून, अर्थिंग असलेल्या भिंतीवरच्या सॉकेटला थेट लावून बघा. क्रॅश थांबले तर कार्ड बदलायची गरज नाही.

"मेसेज ग्राफिक्सचा, म्हणजे दोष ग्राफिक्सचा"

चोर सोडून संन्याशाला फाशी कशी होते, त्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण सापडायचं नाही. तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या इंटेल कोअर आय९ प्रोसेसरवर अनरिअल इंजिनचे गेम सुरू होतानाच कोसळत आणि स्क्रीनवर मेसेज येई: 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी'. चोवीस जीबी मेमरीचं कार्ड घेतलेला माणूस हा मेसेज वाचून काय करेल? कार्डच बदलून मागेल. तसं लोकांनी मागितलंही. प्रत्यक्षात गेमची दाबून ठेवलेली माहिती उलगडण्याचं काम प्रोसेसर करत होता, आणि तिथे चूक होत होती. चुकीची माहिती हाती आली की गेमला वाटे, कार्डाची मेमरी संपली. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागतोय आणि त्यानं झिजतोय, हे इंटेलनं २०२४च्या जुलैमध्ये कबूल केलं, ऑगस्टमध्ये त्यासाठी नवा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच झिजलेला प्रोसेसर मात्र मायक्रोकोडनं बरा होत नाही, तो बदलावाच लागतो. तुमच्याकडे या पिढीतला आय७ किंवा आय९ असेल तर कार्डाकडे बोट दाखवण्याआधी मदरबोर्डचं बायोस अद्ययावत करा.

रॅमचंही तसंच. एक्सएमपी किंवा एक्सपो चालू करून वाढवलेला वेग साध्या कामात महिनोन् महिने टिकतो आणि जड गेममध्ये उघडा पडतो. बायोसमध्ये ते बंद करून एक संध्याकाळ खेळून बघा. एक रुपयाही खर्च नाही.

याच जातीचा आणखी एक गैरसमज विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधल्या 'कर्नल-पॉवर ४१' या नोंदीचा. पॉवर शब्द दिसला की निदान तयार: एसएमपीएस गेला! पण ती नोंद फक्त एवढंच सांगते, की मागच्या वेळी कॉम्प्युटर रीतसर बंद झाला नव्हता. वीज गेली, सिस्टीम गोठली, तुम्ही बटण दाबून धरलंत, तिन्ही वेळा हीच नोंद होते. तिच्या आधीच्या मिनिटांत काय लिहिलंय, ते वाचा. 'डिस्प्ले ड्रायव्हरनं प्रतिसाद देणं थांबवलं' अशा अर्थाची ४१०१ नंबरची नोंद असेल तर गोष्ट वेगळी. विंडोज ग्राफिक्सच्या उत्तराची साधारण दोन सेकंद वाट बघतं, मग ड्रायव्हर स्वतःच पुन्हा सुरू करतं. तेही जमलं नाही की निळी स्क्रीन येते आणि तिच्यावर 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' असतं. तिथे ड्रायव्हर, कार्डाचं ओव्हरक्लॉकिंग आणि खुद्द कार्ड, या क्रमानं संशय घ्यावा.

"लेटेस्ट ड्रायव्हर टाकलाय"

टाकलाय, पण कशावर? एएमडीचं जुनं कार्ड काढून एनव्हिडियाचं बसवलं आणि जुन्याचे अवशेष तसेच राहिले, तर दोघांत कुरबुरी होऊ शकतात. विंडोज सेफ मोडमध्ये सुरू करून 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' या मोफत प्रोग्रॅमनं जुनं झाडून काढा, इंटरनेट तोडून ठेवा म्हणजे विंडोज अपडेट मध्येच आपला ड्रायव्हर घुसवणार नाही, आणि मग नवा टाका. सगळ्यात नवा तो सगळ्यात चांगला, हेही धरून चालू नका. ताज्या ड्रायव्हरवर क्रॅश होत असेल तर एक-दोन आवृत्त्या मागे जाऊन बघा. उलटही घडतं. २०२०च्या सप्टेंबरमध्ये आरटीएक्स ३०८० गेममधून बाहेर फेकायला लागलं, तेव्हा कार्डामागच्या कपॅसिटरवरून मोठं रण माजलं. त्यात काही तथ्य होतं, एका कंपनीनं चाचणीनंतर आपली रचना बदललीही होती. पण बहुतेकांचा त्रास महिनाअखेर आलेल्या ४५६.५५ या ड्रायव्हरनं निवला.

"सरळ फॉरमॅट मारून टाक" हा आपला राष्ट्रीय उपाय मात्र सगळ्यात शेवटी ठेवा. अशक्त एसएमपीएस विंडोज कितीही वेळा नव्यानं टाकलं तरी सशक्त होत नाही.

काही किरकोळ

"कार्ड तापून क्रॅश होतं." क्वचितच. आजची कार्डं तापली की आधी स्वतःचा वेग कमी करतात. गेम अडखळतो, कोसळत नाही. "प्रोसेसर जुना, बॉटलनेक झाला म्हणून बंद पडतो." बॉटलनेकनं फ्रेम कमी मिळतात, कॉम्प्युटर बंद पडत नाही. "पीसीआयई ३च्या बोर्डाला ४चं कार्ड चालत नाही." चालतं. खोड करते ती कार्ड उभं लावायची जुनी रायझर केबल. ती असेल तर बायोसमध्ये स्लॉट 'जेन ३' वर ठेवा, किंवा कार्ड थेट बोर्डावर बसवा. सेकंडहँड कार्ड घेतलं असेल तर त्याचं बायोस मायनिंगसाठी बदललेलं नाही ना, एवढं बघून घ्या.

शेवटची परीक्षा एकच: तेच कार्ड चांगला एसएमपीएस असलेल्या मित्राच्या कॉम्प्युटरमध्ये लावा आणि तोच गेम चालवा. तिथेही कोसळलं तर कार्ड दोषी, खुशाल बदलून मागा. तिथे सुरळीत चाललं तर दुकानदाराशी भांडून उपयोग नाही. सर्व्हिस सेंटरला जाताना नुसतं "क्रॅश होतो" म्हणू नका. कुठला गेम, किती वेळानं, स्क्रीन निळी की काळी, आवाज चालू राहिला का, पंखे वाढले का, हे लिहून न्या. कार्डाची वॉरंटी साधारण तीन वर्षांची असते. बिल सांभाळा, आणि सीरियल नंबरचा स्टिकर काहीही झालं तरी ओरबाडू नका.