स्टार्टअपचा पैसा : ऐकीव गोष्टी आणि खरा हिशेब

स्टार्टअपच्या बातम्या नीट वाचल्या तर एक गंमत लक्षात येते. कंपनीने वर्षभरात किती विकलं आणि त्यातले किती पैसे हाती आले, हे बातमीत सापडेलच असं नाही. गुंतवणूकदारांकडून किती कोटी उचलले, हे मात्र मथळ्यातच असतं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आपल्या जोशांच्या मुलाला पाच कोटी मिळाले’ अशी वर्दी येते आणि मागोमाग अभिनंदनाची रांग लागते. मुलाला नेमकं काय मिळालं आणि त्याने बदल्यात काय लिहून दिलं, हे विचारायला कुणाला सुचत नाही. स्टार्टअपविषयीचे बहुतेक गैरसमज इथेच उगवतात. प्रत्येक रुपया कुणाचा आहे आणि कोणत्या अटीवर आला आहे, हे पाहिलं की त्यातले बरेचसे आपोआप गळून पडतात.

‘पाच कोटी मिळाले, म्हणजे कंपनी पंचवीस कोटींची झाली’

गणित बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा. पाच कोटी देऊन गुंतवणूकदाराने २० टक्के हिस्सा घेतला, तर कागदावर कंपनीचं मूल्य २५ कोटी होतं. पण हे पाच कोटी कंपनीच्या खात्यात जातात, संस्थापकाच्या नाही. ते कशावर आणि किती खर्च करायचे याच्या अटी करारात असतात. संस्थापकाने स्वतःचा पगार वाढवायचा म्हटलं तरी बहुतेक करारांत गुंतवणूकदाराची संमती लागते.

शिवाय गुंतवणूकदाराचे शेअर आणि संस्थापकाचे शेअर एका जातीचे नसतात. भारतात व्हेंचर कॅपिटलचा पैसा बहुधा ‘सीसीपीएस’ या रूपात येतो, म्हणजे पुढे साध्या शेअरमध्ये सक्तीने रूपांतरित होणारे प्राधान्य शेअर. त्यासोबत एक कलम असतं : कंपनी विकली गेली तर आधी गुंतवणूकदाराची मुद्दल परत, मग उरलेल्यांची वाटणी. वरच्याच उदाहरणातली कंपनी तीन वर्षांनी ६ कोटींना विकली गेली, असं समजा. संस्थापकांचा हिस्सा ८० टक्के, तेव्हा त्यांना ४ कोटी ८० लाख मिळतील असा घरच्यांचा अंदाज. प्रत्यक्षात ५ कोटी गुंतवणूकदार घेऊन जातो. राहिलेल्या एका कोटीत संस्थापक आणि शेअरचं आश्वासन मिळालेले कर्मचारी. कलम जरा जास्त कडक असेल, तर त्या एका कोटीतही गुंतवणूकदाराचा २० टक्के वाटा असतो.

यात फसवणूक कुणाची नाही. जोखमीचा पैसा देणारा आपली बाजू राखूनच देणार. पण टर्मशीटवर, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींच्या कागदावर, सही करताना तरुण मंडळी मूल्यांकनाच्या आकड्यासाठी हमरीतुमरीवर येतात आणि हे कलम वाचायचं काम वकिलावर सोडून देतात, हे मला अजून समजलेलं नाही.

मूल्यांकन म्हणजे अखेर शेवटच्या व्यवहारातला भाव. ऑनलाइन शिकवणीच्या बायजूज या कंपनीचं मूल्यांकन २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर होतं. जुलै २०२४ मध्ये क्रिकेट मंडळाच्या साधारण १५८ कोटी रुपयांच्या थकबाकीवरून तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली.

‘मोठा गुंतवणूकदार मिळाल्याशिवाय सुरुवातच होत नाही’

पुण्याच्या क्विक हीलची गोष्ट मराठी वाचकाला ऐकून माहीत असते. तिच्यातल्या तारखांकडे मात्र फारसं कुणी पाहत नाही. कैलाश काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. पुढे संगणक दुरुस्तीचा व्यवसाय झाला. दुरुस्तीला येणारी यंत्रं व्हायरसने बिघडलेली असायची, आणि संगणकशास्त्र शिकणारे धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर उपाय म्हणून प्रोग्राम लिहायला घेतले. अँटिव्हायरस बाजारात आलं १९९० च्या दशकाच्या मध्यावर. सिकोया कॅपिटल या गुंतवणूक कंपनीचे ६० कोटी रुपये आले २०१० मध्ये. मधली पंधराएक वर्षं कंपनी दुरुस्तीच्या आणि विक्रीच्या पैशावर चालली. शेअर बाजारात नोंदणी झाली २०१६ मध्ये.

म्हणजे ग्राहक आधी होता, त्याची अडचण रोज टेबलावर येत होती आणि ती सोडवण्याचे पैसे तो देत होता. बेंगळुरूची शेअर दलाली कंपनी झिरोधा २०१० पासून बाहेरचा पैसा न घेता वाढली, तिचंही मूळ असंच.

याचा अर्थ गुंतवणूक वाईट, असा मात्र कुणी काढू नये. आयआयटी मुंबईतून निघालेली ड्रोन बनवणारी आयडियाफोर्ज २००७ मध्ये स्थापन झाली आणि शेअर बाजारात आली २०२३ मध्ये. यंत्रं बनवायची, चाचण्या घ्यायच्या, सरकारी खरेदीची वाट पाहायची, तर खिशातल्या पैशावर निभाव लागत नाही. औषधं, बॅटरी, चिप यांचंही तसंच. धंद्याची जातच सांगते की बाहेरचा पैसा लागणार की नाही. ‘सगळे उचलताहेत’ हे कारण होऊ शकत नाही.

‘सरकार स्टार्टअपला पैसे देतं’

देतं, पण ज्या वाटेने लोक शोधतात त्या वाटेने क्वचितच. स्टार्टअप इंडिया मोहीम १६ जानेवारी २०१६ ला सुरू झाली. केंद्राच्या ‘डीपीआयआयटी’ विभागाची मान्यता मिळालेल्या कंपन्या २०२४ संपताना दीड लाखाच्या पुढे गेल्या होत्या. ही मान्यता ऑनलाइन आणि विनाशुल्क मिळते. ती ‘काढून देण्याचे’ पैसे घेणाऱ्यांची दुकानं तरीही जोरात चालतात. मान्यतेचं प्रमाणपत्र म्हणजे अनुदान नव्हे. पेटंट अर्जाच्या शुल्कात ८० टक्के सूट आणि काही सरकारी निविदांमध्ये सवलती, असे त्याचे फायदे आहेत आणि ते खरे आहेत.

१०,००० कोटींच्या ‘फंड ऑफ फंड्स’चा आकडा ऐकून अनेक जण सिडबी या लघुउद्योग विकास बँकेकडे अर्ज कुठे करायचा ते विचारतात. हा निधी स्टार्टअपला थेट दिलाच जात नाही. सिडबी तो सेबीकडे नोंदलेल्या गुंतवणूक निधींना देते आणि ते आपल्या कसोट्या लावून कंपन्या निवडतात. म्हणजे घुमूनफिरून पुन्हा तोच व्हेंचर कॅपिटलवाला.

प्राप्तिकरातली सूटही अशीच. पहिल्या दहा वर्षांतली कोणतीही सलग तीन वर्षं निवडून त्या काळातल्या नफ्यावर कर माफ होतो. पण त्यासाठी नुसती मान्यता पुरत नाही, आंतरमंत्रालयीन मंडळाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. मे २०२५ पर्यंत ते जेमतेम ३,७०० कंपन्यांना मिळालं होतं. शिवाय सूट नफ्यावर आहे. नफाच नसलेल्या कंपनीला तिचा उपयोग काय? खरा दिलासा ‘एंजल टॅक्स’ गेल्याचा. वाजवी मूल्यापेक्षा जास्त भावाने शेअर विकले तर वरच्या रकमेला उत्पन्न मानणारी ही २०१२ ची तरतूद जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात रद्द झाली.

माझ्या मते महाराष्ट्रातल्या नवउद्योजकाला त्यातल्या त्यात उपयोगी पडणारी गोष्ट वेगळीच आहे, आणि तिची चर्चा कमी होते. राज्य नाविन्यता सोसायटीच्या स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या कंपन्यांना १५ लाख रुपयांपर्यंतची कामं दिली गेली, सरकारी खात्यात आपलं तंत्रज्ञान वापरून दाखवण्यासाठी. रक्कम लहान आहे. पण ती काम केल्याची आहे, आणि पुढच्या ग्राहकाला दाखवायला कार्यादेशाचा कागद हातात राहतो.

‘घरचे पैसे घेतले, त्यात कसले आलेत नियम?’

इथे भलेभले अडकतात. मामा म्हणाले, ‘दहा लाख घे, जमेल तेव्हा दे.’ भाच्याने खाते क्रमांक दिला तो कंपनीचा. मामांनी प्रेमाने पैसे टाकले. वर्षअखेरीला सीएने ताळेबंद उघडला आणि पहिला प्रश्न विचारला : हे गृहस्थ कोण?

कंपनी कायद्यातली ‘नातेवाईक’ची यादी आपल्या लग्नपत्रिकेसारखी लांब नाही. पती-पत्नी, आईवडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ-बहीण आणि हिंदू अविभक्त कुटुंबातले सदस्य, एवढ्यावर ती संपते. मामा त्यात नाहीत. खाजगी कंपनीने संचालकाकडून किंवा या यादीतल्या नातेवाइकाकडून कर्ज घेतलं तर चालतं. देणाऱ्याने ‘ही रक्कम मी स्वतः कर्जाऊ घेतलेली नाही’ असं लेखी द्यायचं. भागधारक नसलेल्या मामांकडून घेतलं, तर तीच रक्कम ‘ठेव’ ठरू शकते आणि ठेवींचे नियम मोडल्याचा दंड सोसण्यासारखा नसतो. मान्यताप्राप्त स्टार्टअपला परिवर्तनीय नोटचा (पुढे शेअरमध्ये बदलता येणाऱ्या कर्जाचा) मार्ग खुला आहे, पण तिथे एका व्यक्तीकडून एकरकमी किमान २५ लाख लागतात.

गंमत अशी की प्राप्तिकर कायद्याला मामा नातेवाईक म्हणून मंजूर आहेत. आईचा भाऊ त्या यादीत येतो, त्यामुळे मामांनी भाच्याला वैयक्तिक भेट दिली तर भाच्याला कर नाही. तेव्हा सरळ वाट दोनपैकी एक. मामांनी रीतसर शेअर घ्यावेत, किंवा बँकेतून भाच्याच्या खात्यावर भेट द्यावी, साधं भेटपत्र करावं आणि भाच्याने ते पैसे स्वतःचे म्हणून कंपनीत घालावेत. दुसऱ्या वाटेत ते पैसे मामांना परत मिळण्याचा हक्क उरत नाही. हे पैसे टाकण्याआधी बोललेलं बरं, कारण दिवाळीच्या फराळाला दोघंही एकाच घरी असतात.

आणखी काही, थोडक्यात

‘प्रायव्हेट लिमिटेड केली की घरदार सुरक्षित.’ बँकेच्या कर्जाच्या कागदांवर संचालकाची वैयक्तिक हमी असेल, तर त्या कर्जापुरतं हे संरक्षण संपलं. हमीचा कागद बहुधा गठ्ठ्याच्या तळाशी असतो आणि सह्या भराभर होत असतात.

‘कल्पना कुणी चोरेल.’ नुसत्या कल्पनेला कायदा संरक्षण देत नाही. संगणकाचा प्रोग्राम निव्वळ प्रोग्राम म्हणून भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये वगळलेला आहे. कोडला कॉपीराइट मिळतो, नावाला ट्रेडमार्क. कल्पना लपवून ठेवण्याच्या नादात ग्राहकाला ती दाखवायचीच राहून जाते, हे नुकसान चोरीपेक्षा मोठं.

‘हे विशीतल्या पोरांचं काम.’ अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांत वेगाने वाढलेल्या हजारात एक कंपन्यांच्या संस्थापकांचं सुरुवातीचं सरासरी वय ४५ निघालं. चाळिशीतल्या माणसाच्या ओळखीपाळखी आणि धंद्यातली माहिती यांना किंमत आहे. त्याच्या गृहकर्जाच्या हप्त्यालाही आहे, तो भाग वेगळा.

‘मित्रच आहोत, निम्मं-निम्मं.’ आठ महिन्यांनी एक जण परदेशी नोकरीला गेला तरी निम्मे शेअर त्याचेच राहतात. म्हणून शेअर चार वर्षांत टप्प्याटप्प्याने पक्के होतील आणि पहिल्या वर्षाआधी जाणाऱ्याला काही मिळणार नाही, असा करार करायची रीत आहे. मैत्री ताजी असताना तो करावा.

‘ऑर्डरी वाढल्या की पैशाची चणचण संपते’

सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज हाच, कारण तो यशाच्या तोंडावर गाठतो. एका सॉफ्टवेअर कंपनीने एप्रिलमध्ये मोठ्या ग्राहकाला १० लाखांचं बिल दिलं, असं धरू. त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ११ लाख ८० हजार. ग्राहकाचं खरेदी खातं सांगतं, ‘बिल मंजूर झाल्यावर ६० दिवस.’ मंजुरीला महिना जातो. सरकारला मात्र जीएसटी बिलाच्या तारखेप्रमाणे द्यायचा, म्हणजे पुढच्याच महिन्यात. हाती न आलेल्या पैशातले १ लाख ८० हजार मे महिन्यात खिशातून गेले. कच्चा माल घेणाऱ्या कारखान्याला आधी भरलेल्या कराची वजावट मिळते. सॉफ्टवेअर कंपनीचा मुख्य खर्च पगार, आणि पगारावर जीएसटी नसल्यामुळे वजावटीला फारसं काही नसतं. जुलैअखेर पैसे आले, त्यातून १० टक्के टीडीएस कापलेला. हाती १० लाख ८० हजार. कंपनी तोट्यात असेल तर कापलेला लाख पुढच्या वर्षी विवरणपत्र भरल्यावर परत मिळणार. दरम्यान एप्रिल, मे, जून असे तीन पगार होऊन गेले आणि चौथा तोंडावर आहे. ऑर्डर दुप्पट झाली, माणसं दुप्पट घेतली, की हा खड्डाही दुप्पट होतो.

गुंतवणुकीच्या जोरावर माणसं भरली आणि पुढचा हप्ता आला नाही, तर काय होतं ते पुण्याने पाहिलेलं आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये टायनीआउल या मुंबईच्या जेवण पोचवणाऱ्या कंपनीने कपात जाहीर केली तेव्हा पुण्याच्या कार्यालयात कर्मचाऱ्यांनी देण्यांसाठी एका सहसंस्थापकाला अडवून धरलं होतं. पुढच्या वर्षी कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

ग्राहकाकडे अडकलेल्या उधारीवर कायदा आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. २०२३-२४ पासून वेळेत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही, त्यामुळे मार्चअखेर थोडी हालचाल होते. पण एकुलत्या एका मोठ्या ग्राहकाविरुद्ध तक्रार करायला कुणी धजावत नाही, आणि त्यात नवल नाही. त्यापेक्षा दोन गोष्टी वाटाघाटीतच मिळवता येतात. एक, कामाच्या सुरुवातीला निदान तीस टक्के आगाऊ. दुसरी, बिल ‘ट्रेड्स’ या ऑनलाइन मंचावर स्वीकारण्याची तयारी : ग्राहकाने तिथे बिल मान्य केलं की बँक थोडी कसर कापून पैसे लगेच देते आणि वसुली ग्राहकाकडून करते. २५० कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना तिथे नोंदणी आता सक्तीची आहे. ग्राहक नोंदलेला आहे का आणि आपलं बिल तिथे मान्य करेल का, हे दर सांगण्याआधी विचारायचं. दर ठरून गेल्यावर विचारलं तर ती मेहेरबानी मागितल्यासारखी होते.