नुसता पंखा फिरून भागत नाही

२००१ मध्ये एमएस-सीआयटी हा संगणक अभ्यासक्रम सुरू झाला आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या तालुक्यांच्या गावी संगणकाचे वर्ग दिसू लागले. त्याच वर्षी गुहागरचा दाभोळ वीजप्रकल्प बंद पडला. पोफळीला कोयनेची वीज १९६२ पासून तयार होत होती, तरी भारनियमन काही चुकलं नाही.

साहजिकच पीसी बंद पडला की बोट लाईटकडे जायचं. यूपीएस आला, स्टॅबिलायझर आला. कॅबिनेटबरोबर मिळालेल्या स्वस्तातल्या एसएमपीएसची, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याची, मात्र फारशी चौकशी व्हायची नाही. त्याच सुमारास जगभर निकृष्ट कॅपॅसिटरची साथ आली होती. डोकं फुगलेले कॅपॅसिटर त्या काळातल्या मदरबोर्डांवर सर्रास सापडत.

एसएमपीएस तपासायची रूढ पद्धत सोपी होती. २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी आणि काळी तार जोडायची. पंखा फिरला की एसएमपीएस चांगला. यातून तो जिवंत आहे एवढंच कळतं, भरवशाचा आहे की नाही ते कळत नाही. खरी परीक्षा लोडवर. संगणकावर जड काम चालू असताना मल्टिमीटरने पिवळ्या तारेवर ११.४० ते १२.६० व्होल्ट आणि लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळायला हवेत. रिकामा असताना बरोबर बारा दाखवणारा आणि काम वाढताच अकराकडे घसरणारा एसएमपीएस बदललेलाच बरा. एसएमपीएसवर २००४ पासून दिसणारा ‘८० प्लस’ शिक्काही विजेची बचत सांगतो, टिकाऊपणा नव्हे.

रत्नागिरीत आणखी एक अडचण पायाखालीच आहे. कोरड्या जांभ्या दगडात अर्थिंग नीट लागत नाही, म्हणून उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावं लागतं. न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात दोन-तीन व्होल्टांहून जास्त दिसले, तर आधी वायरमनला बोलवावं. खाऱ्या हवेने कनेक्टरच्या पिनाही गंजतात.

त्यात वादळ-पुराची भर पडली. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने मंडणगड-दापोलीत विजेचे खांब आडवे केले आणि बरेच दिवस जनरेटरवर काढावे लागले. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. पुरात भिजलेला एसएमपीएस वाळवून पुन्हा लावणं धोक्याचं; तो बाद करणंच योग्य.

दुरुस्तीला संगणक दिलात तर लोडवरचे व्होल्ट लिहून मागा. एसएमपीएसचा डबा घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कॅपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट साठलेले असू शकतात.