रायफलीला दहा वर्षं

कोबे म्हटलं की बाहेरच्या माणसाला बंदर आठवतं, किंवा तिथलं महागडं गोमांस. पण शहराच्या डोक्यावरची रोक्को डोंगररांग ओलांडून उत्तरेला उतरलं की किता-कू हा भाग लागतो आणि तिथे ओगोसारख्या वस्त्यांतून भाताची खाचरं पसरलेली दिसतात. ही सगळी शेती कोबे शहराच्याच हद्दीत आहे, आणि तिला त्रास आहे तो रानडुकरांचा. दाणा दुधात आला की रात्रीत कळप उतरतो आणि उभं पीक आडवं होतं. डुक्कर लोळून गेलेल्या भाताला वास लागतो, त्यामुळे जे वाचतं तेही विकता येत नाही. डोंगराच्या दक्षिण उतारावर, हिगाशिनादा आणि नादा भागांत, तर डुकरं थेट वस्तीत येतात. लोक त्यांना खायला घालू लागले होते, म्हणून ते बंद करणारा नियम कोबे शहराने २००२ साली केला.

मी मूळची कुडाळ तालुक्यातली, त्यामुळे हे दुखणं मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. नादामधल्या आमच्या इमारतीत शेजारी राहणाऱ्या गृहस्थांच्या वडिलांची खाचरं किता-कूमध्ये आहेत. वडील थकले, शनिवार-रविवारची शेती मुलाकडे आली आणि तिच्याबरोबर डुकरंही आली. शेजाऱ्यांनी बंदूक घ्यायचं ठरवलं आणि ती मिळेपर्यंतचा सगळा प्रवास मला भिंतीपलीकडून, पुष्कळदा त्यांच्या सोबतीने, पाहता आला.

त्यांच्या मनात होती सेमी-ऑटोमॅटिक रायफल. चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते, पुढची आपोआप नळीत येऊन बसते, नेम न हलवता दुसरा बार टाकता येतो. पळत्या डुकरासाठी याहून सोयीचं काय असणार, असा त्यांचा विचार. शिवाय ते कारखान्यात यंत्रं जुळवणारे, हाताने पक्के. अमेरिकेत अशी रायफल तयार विकत घ्यावी की सुटे भाग आणून स्वतः जुळवावी यावर हौशी लोक तासन्‌तास खल करतात, हे त्यांनी वाचलेलं होतं. हा प्रश्न त्यांनी बंदुकीच्या दुकानात सहज बोलून दाखवला, तेव्हा दुकानदाराने हातातलं फडकं खाली ठेवलं आणि सांगितलं, "हा प्रश्न इथे विचारलात ते ठीक. पोलिसांसमोर विचारू नका."

जपानमध्ये बनवण्याचा पर्यायच नाही. १९५३ च्या शस्त्रनिर्मिती कायद्याने परवान्याशिवाय बंदूक तयार करणं हा गुन्हा आहे, आणि १९५८ च्या बंदूक-तलवार कायद्याने ती जवळ बाळगणंही. परवानगी मिळते ती एकेका बंदुकीला. नळीची आणि बंदुकीची लांबी त्या परवान्यात नोंदलेली असते. जोडीला बदली नळी घ्यायची तर तिचीही नोंद हवी. दस्ता खांद्याला लांब वाटतो म्हणून घरी करवतीने कापायची सोय नाही, कारण बंदुकीची लांबी बदलली की ती कागदावरची बंदूक राहत नाही. ८ जुलै २०२२ ला नारामध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांचा खून झाला तो घरी बनवलेल्या बंदुकीनेच. नारा कोबेपासून आगगाडीने दीड तासाच्या आत आहे. त्यानंतर २०२४ च्या दुरुस्तीने बेकायदा बंदूक बाळगायला इंटरनेटवरून लोकांना चिथावणं हाही स्वतंत्र गुन्हा ठरला.

याच किनाऱ्यावर एकेकाळी बंदुका घडत होत्या, याचं मला राहून राहून नवल वाटतं. १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडून तानेगाशिमा बेटावर तोड्याची बंदूक आली आणि थोड्याच वर्षांत ओसाकाच्या उपसागराच्या पलीकडच्या बाजूला साकाई शहरात लोहार तिच्या नळ्या ठोकू लागले. तिथल्या इनोउए सेकिएमोन घराण्याचं बंदूक घडवण्याचं जुनं घर २०२४ पासून संग्रहालय म्हणून लोकांना पाहता येतं. शेजारी आणि मी तिथे गेलो होतो. भाता, ऐरण, लांबच लांब नळ्या. यंत्रातला माणूस ज्या नजरेने दुसऱ्याचं काम पाहतो त्या नजरेने ते प्रत्येक नळीपाशी थांबत होते. त्यांचा बनवण्याचा विषय तिथेच मिटला असावा, कारण परतीच्या गाडीत ते परीक्षेच्या पुस्तकाबद्दल बोलत होते.

पहिली पायरी परीक्षेचीच. पोलिसांतर्फे नवशिक्यांसाठी दिवसभराचं व्याख्यान असतं आणि शेवटी पन्नास चूक-बरोबर प्रश्न. नव्वद टक्के गुण मिळाले तरच पुढे जाता येतं. प्रश्नांची भाषा मुद्दाम अडकवणारी असते. मग गोळीबाराच्या प्रशिक्षणासाठी वेगळा अर्ज, आणि तो मंजूर झाला की रेंजवर मातीच्या उडत्या चकत्यांवर नेम. 'ट्रॅप' प्रकारात पंचवीस चकत्यांपैकी दोन फोडल्या तरी माणूस उत्तीर्ण होतो. इतकं सोपं का, असं मला वाटलं होतं. पण प्रशिक्षकाचं लक्ष चकतीवर नसतंच. ओट्यावरून वळताना नळीचं तोंड कुठे गेलं, चापावर बोट वेळेआधी गेलं का, बार संपल्यावर बंदूक उघडून दाखवली का, हे तो पाहत असतो. सगळ्या चकत्या फोडून नळी एकदा माणसाकडे फिरवली तर तो माणूस नापास.

मधल्या काळात एका संध्याकाळी पोलीस माझ्या दाराशी आले. दोघे होते, फार अदबीने बोलत होते. शेजारच्या गृहस्थांना किती वर्षं ओळखता? घरातून भांडणाचे आवाज येतात का? दारू पिऊन घरी येताना कधी पाहिलंत? अलीकडे वागण्यात काही बदल जाणवला? त्यांच्या पत्नीशी वेगळं बोलणं झालं होतं, कामाच्या ठिकाणीही चौकशी झाली होती, डॉक्टरांचं मानसिक आरोग्याचं प्रमाणपत्र जोडलेलं होतं. मी दिलेल्या उत्तरांपैकी एकही शब्द सहज निघाला नाही. ज्या भिंतीपलीकडे बंदूक ठेवली जाणार त्या भिंतीच्या अलीकडे माझी मुलं झोपतात, आणि पोलीस मला विचारायला आले होते ते त्याचसाठी.

ही चौकशी अशी कसून होण्यामागे रक्ताचा इतिहास आहे. डिसेंबर २००७ मध्ये नागासाकी प्रांतातल्या सासेबो शहरात परवानाधारक माणसाने व्यायामशाळेत गोळीबार केला आणि दोघांचा जीव गेला. त्याच्या वागण्याबद्दल शेजाऱ्यांनी आधीच पोलिसांकडे काळजी बोलून दाखवलेली होती. पुढच्याच वर्षी कायदा कडक झाला. तरीही मे २०२३ मध्ये नागानो प्रांतात एका परवानाधारक माणसाने दोन पोलिसांसह चौघांचा बळी घेतला. त्यात निम्म्या लांबीपर्यंत आटे पाडलेल्या नळीची बंदूक वापरली होती. अशा बंदुका तोवर शॉटगनमध्ये मोजल्या जात, त्यामुळे नवशिक्यालाही मिळत. मार्च २०२५ पासून त्याही रायफलीच्या नियमात गेल्या. चाळणी कितीही बारीक असली तरी काही सुटतं, हे मान्य करूनही मला ती चाळणी हवीशी वाटते.

आणि रायफलीचा नियम म्हणजे दहा वर्षं. सलग दहा वर्षं शॉटगन बाळगल्याशिवाय शिकारीच्या रायफलीचा अर्जच करता येत नाही. शिकारीवर पोट असलेल्यांना, जनावरांपासून धंद्याचं नुकसान टाळायला रायफल लागतेच अशांना सवलत आहे, पण पगारदार माणूस शनिवार-रविवारी शेती करतो त्याला ती लागू होण्यासारखी नव्हती. म्हणून शेजाऱ्यांची निवड शॉटगनवर आली आणि 'सेमी-ऑटो की दुनाळी' हा खरा प्रश्न त्या दुकानात सुटला. त्या दुपारी मी तिथे होते.

दुकानात मालाची कमतरता नव्हती. म्हातारे शिकारी परवाने परत करताहेत, त्यांच्या बंदुका दुकानात जमताहेत, त्यामुळे चांगली जुनी दुनाळी फार महाग पडत नाही. दुकानदाराने काउंटरवर दोन ठेवल्या. एक वर-खाली नळ्यांची दुनाळी, कोची प्रांतातल्या मिरोकू कंपनीची. दुसरी परदेशी सेमी-ऑटो. सेमी-ऑटोचा धक्का खांद्याला कमी बसतो हे खरं, त्याने सांगितलं, कारण बाराचा थोडा जोर यंत्रणा चालवण्यात जातो. पण मॅगझीनमध्ये कायद्याने दोनच काडतुसं, म्हणजे नळीतलं धरून तीन बार. दुनाळीत दोन. सगळा वाद त्या एका काडतुसाचा. आणि त्या एका काडतुसासाठी काय काय पत्करायचं? सेमी-ऑटो रिकामी पुंगळी लांब फेकते. जंगलात पानांच्या थरात ती शोधावी लागते, कारण कुठे किती काडतुसं उडवली याची नोंद वहीत ठेवायची असते आणि हिशेब जुळला नाही तर पोलीस विचारतात. वायूवर चालणारी यंत्रणा काजळीने भरते, साफ केली नाही तर ऐन वेळी अडते. ती उघडून साफ करायला शेजारी उलट उत्सुकच होते. तेव्हा दुकानदाराने दुनाळी उचलली, मधून मोडली आणि हातावर घेतली. दोन्ही नळ्यांतून पलीकडची खिडकी दिसत होती.

"ही रिकामी आहे हे तुमच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसालाही दिसतं," तो म्हणाला. "पहिली बंदूक घेताना हे धरा. तिसरा बार नंतर."

माझ्या मते त्या काउंटरवर बोललेलं सगळ्यात मोलाचं हेच होतं. दुनाळी मोडून खांद्यावर टाकलेला शिकारी पन्नास पावलांवरूनही निर्धोक ओळखता येतो. सेमी-ऑटोवाल्यावर विश्वास ठेवावा लागतो, आणि नवख्याच्या वाट्याला तो विश्वास अजून आलेला नसतो.

शेजाऱ्यांनी दुनाळी घेतली. घेतली म्हणजे पैसे दिले आणि दुकानातच ठेवली, कारण नेमकी हीच बंदूक नोंदून पोलिसांकडे पुन्हा अर्ज करायचा होता. घरी पोलादी कपाट भिंतीला आतून बोल्टने आवळलेलं, आत साखळी, काडतुसांची पेटी वेगळ्या खोलीत, वेगळी किल्ली. १७ जानेवारी १९९५ चा भूकंप पाहिलेल्या शहरात जड कपाट भिंतीला बांधायला कोणाला शिकवावं लागत नाही. पोलीस येऊन हे पाहून गेले, कपाटाचे फोटो, घराचा नकाशा घेऊन गेले. परवाना आल्यावर बंदूक आणली की चौदा दिवसांत ती ठाण्यावर नेऊन दाखवायची. पुढे दर वर्षी तपासणी. आणि दोन वर्षं नुसती कपाटात ठेवली, ज्या कामासाठी मागितली त्यासाठी वापरलीच नाही, तर परवाना रद्द होऊ शकतो.

आमच्याकडे सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाचा परवाना असलेल्या ठासणीच्या बंदुका घराघरांतून आहेत, वडिलांकडून मुलाकडे आलेल्या. निवडणूक लागली की त्या ठाण्यात जमा करायच्या, निकाल लागला की आणायच्या. सेमी-ऑटोमॅटिक रायफल तर भारतात सर्वसाधारण नागरिकाला मिळतच नाही. पण गावठी बंदुकीला बिनपरवान्याचे कारागीर आजही सापडतात, आणि अशी बंदूक फुटून हात गेलेला माणूस मी लहानपणी आमच्याच वाडीत पाहिला आहे. तिथे एकदा परवाना मिळाला की त्यानंतर माणसाकडे फारसं कोणी वळून पाहत नाही. कोबेत माणूस दर काही वर्षांनी नव्याने तपासला जातो. हा फरक आपल्याकडे कोणी मनावर घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

इकडे शिकारीच्या मोसमात शेजारी ओगोकडच्या शिकाऱ्यांच्या गटात जाऊ लागले. हाकारे डुकरं उठवतात, बंदूकवाले ठरलेल्या जागी बसतात. पहिल्या मोसमात त्यांना हाकाऱ्यांबरोबर चालायला लावलं. गटातल्या सगळ्यात वयस्क आजोबांना मी विचारलं की रायफलीला दहा वर्षं कशासाठी. ते मला बसायच्या एका जागेवर घेऊन गेले आणि समोरचा उतार दाखवला. डुक्कर त्या मातीच्या बांधासमोर आलं तर गोळी झाडायची, दहा पावलं डावीकडे सरकलं तर नाही. शॉटगनची एकगोळी काही शे मीटरमध्ये संपते, रायफलीची तीन-चार किलोमीटर जाऊ शकते, आणि त्या डावीकडच्या खिंडीपलीकडे घरं आहेत. न झाडण्याची सवय हाताला लागायला वेळ लागतो, असं त्यांचं म्हणणं.

जपानमध्ये १९७५ च्या सुमाराला पाच लाखांवर लोकांकडे शिकारीचा परवाना होता. आता तो आकडा दोन लाखांच्या आसपास आहे, आणि त्यातही पिंजरे-फास लावणारे वाढले, बंदूकवाले घटले. कोबे ज्यात येतं त्या ह्योगो प्रांताने मिकी शहरात नवी शूटिंग रेंज २०२४ मध्ये सुरू केली ती नवे लोक तयार व्हावेत म्हणूनच. शेजारी आता तिथे सराव करतात. खाचरांभोवती त्यांनी विजेचं कुंपण घातलं, पिंजरा लावला, आणि पीक राखण्याचं बरंचसं काम या दोन्हींनीच होतं. रायफलीचा अर्ज करता येईल तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे असतील. त्या गटात आज रायफल आहे ती दोघांकडेच. दोघेही सत्तरी ओलांडलेले. पंचाहत्तरीनंतर परवाना नव्याने घेताना स्मरणशक्तीची तपासणी द्यावी लागते, आणि आजोबांची ती येत्या वर्षी आहे.