दोन दुबळे रेणू आणि एक कारकीर्द

जैवभौतिकीच्या साहाय्याने औषध शोधणाऱ्या वैज्ञानिकाला रोज एकच गोष्ट तपासायची असते : अमुक रेणू तमुक प्रथिनाला चिकटतो का, कुठे चिकटतो आणि किती घट्ट. या कामाकडे येणारे बहुतेक जण रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा जीवरसायनशास्त्राचे असतात. पीएच.डी., पोस्टडॉक आणि मग कंपनी किंवा विद्यापीठ, असा क्रम. अमेरिकेतील स्टीफन फेसिक यांनी दोन्हींकडे काम केले.

१९८१ मध्ये कनेक्टिकट विद्यापीठातून औषधी रसायनशास्त्रात पीएच.डी., त्यानंतर येलमध्ये पोस्टडॉक आणि १९८३ पासून शिकागोजवळच्या अॅबट कंपनीत नोकरी. तेव्हा औषध कंपन्यांत एनएमआर (अणुकेंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदन) यंत्राचा उपयोग मुख्यतः रसायनतज्ज्ञाने बनवलेल्या रेणूची रचना पडताळण्यापुरता होई. फेसिक यांच्या गटाने ते प्रथिनांकडे वळवले.

जीवाणूंना नायट्रोजन-१५ असलेले खाद्य देऊन त्यांच्याकडून हवे ते प्रथिन बनवून घ्यायचे. मग एनएमआरच्या वर्णपटात त्यातील जवळपास प्रत्येक अमिनो आम्लाचा एकेक ठिपका उमटतो. लहान रेणू प्रथिनाला चिकटला, की त्या जागेभोवतीचे ठिपके सरकतात आणि कोणते सरकले यावरून जागा कळते. नेहमीच्या चाचणीतून निसटणारा, अगदी सैल चिकटणारा रेणूही यात सापडतो. शेजारशेजारी बसणारे असे दोन रेणू हेरून ते रासायनिक दुव्याने जोडायचे, ही खरी युक्ती. १९९६ मध्ये 'सायन्स'मध्ये छापलेल्या प्रयोगात एफकेबीपी या प्रथिनासाठी असे दोन रेणू निवडले होते. त्यांच्या बंधनाचे आकडे होते २ आणि १०० मायक्रोमोलर. आकडा जितका लहान, तितकी पकड घट्ट. जोडरेणूचा आकडा आला १९ नॅनोमोलर (नॅनो हा मायक्रोचा हजारावा भाग), म्हणजे दोघांतल्या सरस रेणूपेक्षाही सुमारे शंभरपट घट्ट पकड.

कर्करोगाच्या पेशींना मरू न देणाऱ्या बीसीएल-एक्सएल या प्रथिनाची रचना त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. त्याच्या लांबट खाचेत बसेल असा रेणू याच पद्धतीने घडवला गेला. २००५ मध्ये एबीटी-७३७ हा रेणू जाहीर झाला. तो तोंडावाटे देण्याजोगा नव्हता. पुढचा नॅव्हिटोक्लॅक्स तसा देता येई, पण त्याने प्लेटलेट्स घटत, कारण त्या बीसीएल-एक्सएलच्याच आधाराने टिकतात. आता पकड निवडक करणे भाग होते : त्याच कुळातले बीसीएल-२ हे प्रथिन धरायचे आणि बीसीएल-एक्सएल सोडायचे. त्यातून व्हेनेटोक्लॅक्स आले.

केवळ यंत्र चालवण्याच्या कौशल्यावर कोणाची कारकीर्द उभी राहत नाही. ठिपका सरकला तर पुढे कोणता अणू कुठे जोडायचा, हे कळायला रसायनशास्त्र लागतेच. फेसिक यांची सुरुवात तिथूनच झाली होती. दुसरी गरज सवडीची, आणि ती कंपनीने द्यावी लागते. २००९ मध्ये ते नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेले आणि केआरएएस, एमसीएल-१ यांसारख्या अवघड प्रथिनांकडे वळले. व्हेनेटोक्लॅक्सला एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली ती एप्रिल २०१६ मध्ये, बीसीएल-एक्सएलची रचना प्रसिद्ध झाल्यानंतर वीस वर्षांनी.