दारावरची फुली

पोलिओचे थेंब पाजले की मुलाच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण होते, हे घरोघरी ठाऊक आहे. त्याच वेळी दारावर खडूनेही एक खूण होते, तिच्याकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. घरातल्या पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांनी थेंब घेतले असतील तर ‘पी’. एक जरी राहिलं तर ‘एक्स’, म्हणजे फुली. पश्चिम उत्तर प्रदेशातून पोलिओ हटला तो या फुल्या एकेक करून पुसल्यामुळे.

2002 मध्ये भारतात पोलिओचे 1,600 रुग्ण सापडले; त्यातले 1,242 एकट्या उत्तर प्रदेशात. मुरादाबादसारख्या जिल्ह्यांतल्या गरीब मुस्लिम मोहल्ल्यांत दारं उघडत नव्हती. या थेंबांनी मुलं पुढे नपुंसक होतात, अशी अफवा होती. तिला अडाणीपणा म्हणून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं. आणीबाणीत, 1976 साली, याच पट्ट्यातल्या मुझफ्फरनगरात सक्तीच्या नसबंदीला विरोध करणाऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या होत्या. आजोबांना ज्या सरकारी माणसाची धास्ती, तोच आता नातवाच्या तोंडात थेंब घालायला दारात उभा! शिवाय लोकांचा सवाल बिनतोड होता: गटार तुंबलेलं, तापाला डॉक्टर मिळत नाही, मग हे एकच औषध फुकट, घरपोच आणि पुन्हा पुन्हा का?

‘पुन्हा पुन्हा’चं उत्तर आतड्यात आहे. थेंबांत पोलिओचा दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो आणि तो आतड्यात रुजावा लागतो. जिथे मुलांना सतत जुलाब होतात, तिथे तो नीट रुजत नाही. म्हणून डोस वाढतात. कितीतरी डोस घेतलेल्या मुलाचाही पाय लुळा पडला की गल्ली म्हणे, औषधच खोटं.

आता फुली पुसायची रीत. रविवारी बूथ लागे, सोमवारपासून दोघादोघांची पथकं घरोघर फिरत. फुलीच्या घराची कारणासकट नोंद होई: मूल आजोळी गेलंय, आजारी आहे, की घरच्यांचा नकार आहे. संध्याकाळी याद्या तपासल्या जात. आजोळचं मूल परतलं की एका फेरीत काम होई. नकाराच्या घरी मात्र मोहल्ल्यातलीच बाई जाई. युनिसेफ आणि सोबतच्या संस्थांनी अशा हजारो बायकांचं जाळं विणलं होतं. प्रत्येकीकडे काहीशे घरं. तिच्या वहीत गरोदर बायका आणि नवी बाळंही असत, म्हणून पुढच्या फेरीत कोणत्या घरी नवं मूल असेल हे तिला आधीच माहीत असे. तिचं ऐकलं नाही तर इमामसाहेब सोबत येत. मशिदीच्या भोंग्यावरून फेरीची तारीख सांगितली जाई. अलीगढ आणि जामिया मिल्लिया विद्यापीठांनीही या कामाला हात दिला.

तरी 2009 मध्ये देशात 741 रुग्ण निघाले. तेव्हा उत्तर प्रदेशातले 66 आणि बिहारमधले 41 विकासगट निवडून थेंबांच्या जोडीला हात धुणं, स्वच्छता, स्तनपान आणि जुलाबावर झिंक व ओआरएस हेही हाती घेतलं. लोक दारात उभं राहून जे विचारत होते, ते असं उशिरा का होईना कामाच्या यादीत आलं.

नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला. त्यानंतरही त्या बायकांच्या वहीत नव्या बाळांची नावं चढतच होती. आता त्या नावांपुढे गोवराच्या आणि इतर नेहमीच्या लसींच्या तारखा लिहिल्या जात.